शापेकोच्या संघाचा जमाखर्च

ब्राझीलचा फुटबॉल म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पेले उभा राहतो. त्यामागून झिको, सॉक्रेटिस, रोनाल्डो येतात. शहरे आठवलीच तर रिओ आणि साओ पाउलो. परंतु या देशाचा फुटबॉल ज्या शेकडो लहानमोठ्या संघांच्या पाठीवर उभा आहे, त्यांची नावे समुद्रापार सहसा जात नाहीत; आणि गेलीच तर ती बहुधा खेळाच्या कारणाने जात नाहीत. शापेकोएन्से हे नाव २९ नोव्हेंबर २०१६ च्या सकाळी जगभर पोहोचले ते असेच. आदल्या रात्री कोलंबियातील एका डोंगरावर विमान कोसळले होते, ७१ माणसे मृत्युमुखी पडली होती, आणि त्यांत या संघाचे १९ खेळाडू होते. जगाने हळहळ व्यक्त केली, आणि ती खोटी नव्हती. मात्र त्या हळहळीत दोन साधे प्रश्न मागे पडले. सात वर्षांपूर्वी चौथ्या श्रेणीत धडपडणारा हा संघ दक्षिण अमेरिकेतील एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला कसा? आणि या प्रवासाचा खर्च अखेरीस कोणाच्या नावे पडला?

शापेको हे शहर दक्षिण ब्राझीलमधील सांता कातारिना राज्याच्या पश्चिम टोकाला, राजधानी फ्लोरियानोपोलिसपासून पाचशेहून अधिक किलोमीटरवर आहे. राज्याचा श्रीमंत आणि देखणा भाग समुद्रकिनाऱ्याचा. पश्चिमेचा हा डोंगराळ पट्टा दीर्घकाळ उपेक्षितच होता. मूळ वस्ती काइंगांग आदिवासींची. शहराचे नाव त्यांच्याच भाषेतले, आणि संघाच्या मैदानाला नाव आहे तेही कोंदा या त्यांच्याच एका नायकाचे. ज्यांची जमीन गेली त्यांचे नाव मैदानाला देण्याची रीत दोन्ही अमेरिका खंडांत जुनीच आहे. १९१२ ते १९१६ या काळात कोंतेस्तादो नावाने ओळखला जाणारा रक्तरंजित संघर्ष याच टापूत झाला. तो शमल्यावर १९१७ साली शापेको नगरपालिका स्थापन झाली, आणि शेजारच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यातून इटालियन व जर्मन वंशाची शेतकरी कुटुंबे जंगल तोडून लहान लहान शेतांवर वसू लागली.

या लहान शेतांतून पुढे जो उद्योग उभा राहिला, तो समजल्याशिवाय तेथील फुटबॉल समजत नाही. तो उद्योग डुकराच्या आणि कोंबडीच्या मांसाचा. १९४४ मध्ये जवळच्या कोंकोर्दिया गावी सादिया ही कंपनी निघाली. १९६९ मध्ये खुद्द शापेकोत आउरोरा ही सहकारी संस्था स्थापन झाली. कारखाना शेतकऱ्याला पिले, खाद्य आणि पशुवैद्याचा सल्ला पुरवितो. शेतकरी आपल्या शेडमध्ये ती पिले वाढवितो आणि ठरलेल्या वजनाची झाली की परत देतो. बाजारभावाचा बराचसा धोका कारखान्याकडे, कर्जाने बांधलेल्या शेडचा आणि अहोरात्र राबण्याचा भार शेतकऱ्याकडे. या व्यवस्थेत कोणी रातोरात श्रीमंत होत नाही. परंतु वहीत लिहिल्याखेरीज दाण्याचे पोते हलत नाही, ही सवय मात्र सर्वांच्या अंगी मुरते. शापेकोची कोंबडी जपानपासून अरबस्तानापर्यंत जाऊ लागली, तेव्हाही या गावाला मोठे शहर असे कोणी म्हटले नाही. २०२२ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास भरली.

या गावात १० मे १९७३ रोजी दोन स्थानिक संघ एकत्र आले आणि शापेकोएन्सेचा जन्म झाला. हिरवा पोशाख, कारखान्यांच्या मालकांचा आणि नोकरांचा सारखाच लोभ, आणि चारच वर्षांत, १९७७ मध्ये, राज्याचे अजिंक्यपद. ब्राझीलमध्ये राज्याराज्यांच्या स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेहून जुन्या आहेत, आणि देशाचा विस्तार पाहता तसे होणे अपरिहार्य होते. राष्ट्रीय स्पर्धेला खरा आकार आला तो १९७१ पासून, लष्करी राजवटीत; आणि त्या राजवटीने तिचा वापर कसा केला हा अर्थशास्त्राइतकाच राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही अभ्यासावा असा विषय आहे. लष्कराच्या पाठीशी असलेल्या पक्षाचे नाव होते आरेना. निवडणुकांत या पक्षाची पीछेहाट होऊ लागली, तसतशी राष्ट्रीय स्पर्धेतील संघांची संख्या वाढू लागली. जेथे आरेना अडचणीत तेथला एक संघ राष्ट्रीय स्पर्धेत, अशी म्हणच त्या काळी रूढ झाली. क्रीडासंघटनेचे अध्यक्ष हेलेनो नुनेस हे नौदलातील अॅडमिरल होते आणि रिओमध्ये या पक्षाचे पुढारीही होते, एवढे सांगितले म्हणजे अधिक विवरणाची गरज उरत नाही. १९७८ मध्ये पहिल्या श्रेणीत ७४ संघ खेळले, १९७९ मध्ये ९४. शापेकोएन्सेला या दोन्ही वर्षी तेथे जागा मिळाली. राज्याचे अजिंक्यपद त्याने मैदानावर मिळविले होते हे खरे. परंतु राष्ट्रीय स्पर्धेचा दरवाजा इतका रुंद झाला तो खेळाच्या हितासाठी नव्हे. राजवटीची पकड सैल झाली, स्पर्धेचा फुगा फुटला, आणि शापेकोचे नाव पहिल्या श्रेणीतून जे गेले ते पुढील ३४ वर्षे परत आले नाही.

मधल्या काळाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. १९९६ मध्ये राज्याचे दुसरे अजिंक्यपद आले, बाकी वर्षे जगण्यातच गेली. २००३ च्या सुमारास कर्जाने संघ इतका जेरीस आला, की भागीदार संस्थांचे नाव आपल्या नावाला जोडून खेळण्याची पाळी त्याच्यावर आली.

पुढे स्थानिक व्यापाऱ्यांनी आणि कारखानदारांनी कारभार हाती घेतला. ब्राझीलमधील बहुतेक संघ, कायद्याच्या दृष्टीने, सभासदांच्या संस्था आहेत. त्यांना मालक नसतो, निवडून आलेला अध्यक्ष असतो. या पद्धतीचा मोठ्या शहरांत एक दुष्परिणाम सर्रास दिसतो. अध्यक्ष निवडणुकीपूर्वी नामांकित खेळाडू आणतो, कर्ज पुढच्या अध्यक्षावर टाकतो, आणि तो त्याच्या पुढच्यावर. फ्लामेंगो, व्हास्को, कोरिंथियन्स अशा लाखो चाहत्यांच्या संघांनाही या कर्जांनी ग्रासले होते. शापेकोला हा मार्ग बंद होता, कारण त्याला एवढे कर्ज कोणी दिलेच नसते. मोठ्या संघांनी टाकून दिलेले, उमेदीत नाकारले गेलेले, तिशीकडे झुकलेले खेळाडू माफक पगारावर घ्यायचे, मात्र तो पगार वेळेवर द्यायचा, हे धोरण संघाने ठेवले. महिनोन् महिने पगार थकविणाऱ्या त्या व्यवसायात वेळेवर मिळणारा लहान पगार हे मोठेच आकर्षण होते. संघाच्या छातीवर आउरोराचे नाव आले. २००७ आणि २०११ मध्ये राज्याचे अजिंक्यपद मिळाले. २००९ मध्ये चौथ्या श्रेणीतून तिसऱ्या, २०१२ मध्ये तिसऱ्यातून दुसऱ्या, आणि २०१३ मध्ये दुसऱ्यातून पहिल्या श्रेणीत संघ चढला. शेवटच्या दोन पायऱ्या चढविणारा प्रशिक्षक होता गिल्मार दाल पोझो. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

पहिल्या श्रेणीत टिकणे हे चढण्याहून कठीण होते. २०११ मध्ये मोठ्या संघांची एकत्रित वाटाघाटीची संघटना मोडली आणि दूरचित्रवाणीच्या हक्कांसाठी प्रत्येक संघ स्वतंत्रपणे सौदा करू लागला. ज्यांचे प्रेक्षक कोट्यवधी, त्यांची मिळकत लहान संघांच्या कित्येक पट झाली. मिळकत अधिक म्हणून खेळाडू चांगले, खेळाडू चांगले म्हणून प्रेक्षक अधिक, आणि प्रेक्षक अधिक म्हणून मिळकत अधिक, असे हे चक्र आहे. या चक्राबाहेर उभे राहून शापेकोने २०१४ मध्ये इंतेरनासिओनालला ५-० आणि २०१५ मध्ये पाल्मेइरासला ५-१ असे हरविले. दोन्ही वर्षी संघ पदावनतीच्या रेषेच्या थोडा वर राहिला, आणि त्या गावाला तेवढे पुरेसे होते.

कोपा सुदामेरिकाना ही दक्षिण अमेरिकी संघांची दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा. २०१५ मध्ये शापेको तिच्या उपान्त्यपूर्व फेरीत रिव्हर प्लेट या अर्जेंटिनाच्या बलाढ्य संघाशी झुंजून हरला. २०१६ मध्ये तो थांबला नाही. इंदिपेंदिएन्तेविरुद्ध दोन्ही सामने गोलशून्य राहिले आणि पेनल्टीच्या फैरीत गोलरक्षक दानिलोने चार फटके अडविले. कोलंबियाच्या जुनिओरवर घरच्या मैदानावर ३-० असा विजय मिळाला. उपान्त्य फेरीत सान लोरेन्सोशी बुएनोस आयरेसमध्ये १-१ झाल्यावर २३ नोव्हेंबरच्या घरच्या सामन्यात गोल न खाणे एवढेच आवश्यक होते. अगदी शेवटच्या क्षणी अगदी जवळून आलेला फटका दानिलोने पायाने परतविला. गाव रस्त्यावर आले. अंतिम फेरीचा दुसरा सामना शापेकोत होणार नव्हता, कारण नियमाला ४० हजार प्रेक्षकांचे मैदान हवे होते आणि शापेकोचे मैदान त्याच्या निम्म्याच्या आसपासचे. तो सामना कुरितिबाला ठरला. पहिला सामना ३० नोव्हेंबरला कोलंबियातील मेदेयिन शहरी, आत्लेतिको नासिओनालशी.

या प्रवासासाठी संघाने लामिया नावाच्या बोलिव्हियातील छोट्या कंपनीचे विमान भाड्याने घेतले. यात संघाने काही जगावेगळे केले असे नाही. बारांकियाच्या सामन्यासाठी त्याच कंपनीने त्याला नेले होते. काही आठवड्यांपूर्वी अर्जेंटिनाचा राष्ट्रीय संघ, मेस्सीसह, याच विमानातून गेला होता. या कंपनीचा धंदाच मुळी फुटबॉलच्या संघांची ने-आण करण्याचा. ब्राझीलच्या विमानवाहतूक खात्याने मात्र थेट उड्डाणाला परवानगी नाकारली. अशी वाहतूक ब्राझीलच्या किंवा कोलंबियाच्या कंपनीनेच करावी असा नियम होता. तेव्हा संघ नियमित विमानाने बोलिव्हियातील सांता क्रूसला गेला आणि तेथे लामियाच्या विमानात बसला. पुढचे अंतर सुमारे तीन हजार किलोमीटर होते, आणि त्या विमानाची इंधनासह जाण्याची कमाल मर्यादाही तेवढीच. उड्डाणाच्या कागदावर प्रवासाचा वेळ ४ तास २२ मिनिटे लिहिला होता, इंधन पुरण्याचा वेळही ४ तास २२ मिनिटे. वाटेत अडचण आली, मैदान बदलावे लागले, वर घिरट्या घालाव्या लागल्या, तर लागणारे राखीव इंधन कायद्याने सक्तीचे आहे. ते शून्य होते. वाटेत कोबिखा येथे इंधन घेण्याचा विचार झाला होता, पण उड्डाणाला उशीर झाला आणि ते विमानतळ रात्री बंद होते. बोगोटा वाटेवरच होते. तेथे वैमानिक उतरला नाही. तो वैमानिक कंपनीचा भागीदारही होता. मेदेयिनजवळ आल्यावर दुसऱ्या एका विमानाला अडचणीमुळे आधी उतरू द्यावे लागले, लामियाचे विमान घिरट्या घालू लागले, आणि एकामागून एक चारही इंजिने बंद पडली. कोलंबियाच्या तपासयंत्रणेने एप्रिल २०१८ मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यात तांत्रिक बिघाडाचा दोष नाही. इंधन संपले, आणि ते संपेल हे उड्डाणापूर्वी कळत होते.

येथे दोन प्रकारच्या काटकसरी वेगळ्या केल्या पाहिजेत. आपल्या मिळकतीच्या आत राहायचे, जे पैसे हातात नाहीत ते खर्चायचे नाहीत, ही शापेकोची काटकसर होती. तिचा त्रास झालाच तर तो करणाऱ्यालाच होतो. वाटेत एकदा उतरण्याचा खर्च आणि वेळ वाचविणे ही विमान कंपनीची काटकसर. तिचा लाभ कंपनीचा आणि धोका प्रवाशांचा. कंपनीच्या भागीदाराने स्वतःचाही जीव त्या धोक्यात घातला आणि गमावला, हे खरे. परंतु इतर प्रवाशांना कोणी विचारले नव्हते.

त्यानंतर जे घडले ते फुटबॉलच्या इतिहासात क्वचितच घडले असेल. सामना ज्या रात्री व्हायचा त्या रात्री मेदेयिनचे मैदान पांढऱ्या कपड्यांतील माणसांनी भरून गेले, आणि ती प्रतिस्पर्धी संघाची माणसे होती. आत्लेतिको नासिओनालने स्वतःहून अजिंक्यपद शापेकोला द्यावे अशी विनंती केली, आणि ५ डिसेंबरला ते दिले गेले. ३ डिसेंबरला भर पावसात शवपेट्या शापेकोच्या मैदानावर आल्या. विमानातील ७७ जणांपैकी सहा वाचले. त्यांतील तीन खेळाडू होते: अलान रुशेल, नेतो आणि एक पाय गमावलेला गोलरक्षक फोल्मान. वीस पत्रकारही त्या रात्री गेले. वाचलेला एकमेव पत्रकार रफाएल हेन्सेल जानेवारीत पुन्हा आकाशवाणीवर सामन्यांचे वर्णन करू लागला. २०१९ च्या मार्चमध्ये फुटबॉल खेळतानाच हृदयविकाराने त्याचा अंत झाला.

ब्राझीलमधील इतर संघांनी विनामूल्य खेळाडू उसने देऊ केले आणि तीन वर्षे शापेकोला पदावनतीतून सूट मिळावी असे सुचविले. ही सूट शापेकोने घेतली नाही. भावनेच्या भरात घेतलेला निर्णय म्हणून काहींनी तेव्हा त्याला नावे ठेवली. पण १९७८ साली राष्ट्रीय स्पर्धेचा दरवाजा राजकारणाने सताड उघडला होता तेव्हा आत गेलेला हा संघ. दयेने उघडलेल्या दरवाजातून आत राहणे त्याला या वेळी नको वाटले असेल, तर त्यात नवल नाही. निकालही त्याच्या बाजूने लागला. २० हून अधिक नवे खेळाडू, प्रशिक्षक वाग्नेर मान्सिनी, आणि २०१७ मध्ये राज्याचे अजिंक्यपद, शिवाय पहिल्या श्रेणीत आठवा क्रमांक. ऑगस्टमध्ये बार्सेलोनाने सन्मानाचा सामना खेळण्यास बोलावले. संघ ५-० हरला, पण अलान रुशेल त्या दिवशी पुन्हा मैदानावर उतरला.

सन्मानाच्या सामन्यांची यादी मोठी आहे. विधवांच्या बाबतीत सांगायचे ते मात्र निराळे आहे. कंपनीचा विमा पूर्वी ३० कोटी डॉलरचा होता. तो कमी करून २ कोटी ५० लाख डॉलरवर आणला गेला होता. विमा देणाऱ्यांनी तेवढेही देण्याचे नाकारले: हप्ते थकले होते आणि कोलंबियातील उड्डाण कराराबाहेर होते, असे त्यांचे म्हणणे. नंतर मानवतेच्या नावाखाली एक निधी पुढे करण्यात आला, त्याची अट ही की घेणाऱ्याने दावा सोडून द्यावा. काही कुटुंबांनी घेतला, काहींनी नाकारला. डिसेंबर २०१९ मध्ये ब्राझीलच्या सिनेटने या प्रकरणी चौकशी समिती नेमली. तीन वर्षे लोटल्यावर, हे लक्षात घ्यावे.

आणि येथेच संघाची बाजूही निष्कलंक राहत नाही. ब्राझीलमध्ये व्यावसायिक खेळाडूच्या मोबदल्याचा काही भाग वेतन म्हणून आणि काही भाग ‘प्रतिमेच्या हक्कां’बद्दल देण्याची प्रथा आहे. या दुसऱ्या भागावर सामाजिक विम्याचा भार पडत नाही, म्हणून संघांना तो सोयीचा. खेळाडू जिवंत असतो तोवर दोन्ही रकमा एकाच खिशात जातात आणि फरक कोणाच्या ध्यानात येत नाही. तो मेला की भरपाई मोजली जाते ती नोंदलेल्या वेतनावर. शापेकोच्या कित्येक कुटुंबांना आपल्या माणसाचा अर्धामुर्धा पगार हा पगारच नव्हता हे अशा वेळी कळले, आणि ती आपल्याच संघाविरुद्ध कामगार न्यायालयात गेली. गाव अवघडले. मैदानावर ज्यांची छायाचित्रे लावलेली, त्यांच्याच बायका प्रतिवादीच्या समोर उभ्या. वेळेवर पगार देणारा संघ म्हणून त्याची जी कीर्ती होती, तिचा एक कोपरा असा दुसऱ्याच्या पदरातून शिवलेला निघाला.

सहानुभूतीला मुदत असते. उसने आलेले खेळाडू परत गेले, नव्यांना बाजारभाव द्यावा लागला; जुने चालक, ज्यांच्या डोक्यात कारभाराचा सगळा तपशील होता, ते अध्यक्ष सांद्रो पाल्लाओरो यांच्यासह त्याच विमानात गेले होते. गेलेल्या खेळाडूंची जागा बाजारातून भरता येते, वर्षानुवर्षांच्या हिशेबी सवयीची येत नाही. २०१९ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. २०२० च्या डिसेंबरअखेर नवे अध्यक्ष कोविडने गेले. महिन्याभरात संघाने दुसऱ्या श्रेणीचे अजिंक्यपद मिळविले, तेही गोलांच्या फरकावर, आणि चषक उचलला तो कर्णधार अलान रुशेलने. लगेचच्या मोसमात पहिल्या श्रेणीतील ३८ सामन्यांत एकच विजय मिळाला आणि संघ पुन्हा खाली आला. २०२२ च्या प्रारंभी शापेकोएन्सेने न्यायालयात कर्जफेडीच्या फेररचनेसाठी अर्ज केला. देणेकऱ्याला सवलत आणि मुदत मिळते अशी ही प्रक्रिया. एखाद्या कारखान्याच्या बाबतीत तिचा भार बँका आणि माल पुरविणारे सोसतात. येथे रांगेत अपघातात गेलेल्यांची कुटुंबेही होती.

पुढील तीन मोसम दुसऱ्या श्रेणीतच गेले. गिल्मार दाल पोझो यांना संघाने परत बोलाविले, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात, अपघाताला नऊ वर्षे पूर्ण होण्याच्या आठवडाभर आधी, त्यांच्या हाताखाली शापेकोने पुन्हा पहिल्या श्रेणीत प्रवेश मिळविला. अपघातानंतर या मैदानावर एक रीत पडली आहे: सामन्याचे ७१ वे मिनिट आले की प्रेक्षक उभे राहून संघाचे नाव घेतात. त्या प्रेक्षकांत काही कुटुंबे अशीही असतील, ज्यांची नावे न्यायालयातील देण्यांच्या यादीत आहेत.